हात हलण्याआधी

माझी काकू म्हणते, गर्भाची पिशवी काढायचं मीच ठरवलं.

हे सांगताना तिच्या आवाजात रडगाणं नसतं. धारूर तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यात तिचं गाव. दसरा झाला की बैलगाडीत संसार भरायचा, लेकरं सासूजवळ ठेवायची आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कुठल्या तरी साखर कारखान्याच्या उसाच्या फडावर झोपडीवजा कोपी करून राहायचं, यातच तिचं तरुणपण गेलं. काका आणि ती मिळून एक कोयता. या कामात नवरा-बायको दोघं मिळून एकच मोजतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तीही जोडीला मिळते आणि फिटेपर्यंत बांधलेली असते जोडीच. काका तोडायचे, ती मोळ्या बांधून डोक्यावर गाडीपर्यंत न्यायची. अंगावरून जाण्याचा त्रास सुरू झाला तेव्हा ती तिशीतही नव्हती. फडावर ना आडोसा, ना पाणी, ना विश्रांती. एक दिवस बसलं की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. दवाखान्यात तिला सांगितलं गेलं की आज ना उद्या कॅन्सर होईल. ऑपरेशनचे पैसे टोळी नेणाऱ्या मुकादमानं दिले आणि पुढच्या हंगामाच्या उचलीत धरले.

"मीच म्हणलं डॉक्टरला, काढून टाका एकदाची," काकू सांगते. "कुणी जबरदस्ती नाही केली, बाबा. फडात बाईला आजारी पडायला जागाच नसती."

मी अंबाजोगाईला पोरांना तत्त्वज्ञान शिकवतो. इच्छास्वातंत्र्य हे प्रकरण दर वर्षी येतं. फळ्यावर घड्याळ काढून मेंदूवरचे प्रयोग समजावायला लागलो की काकूचं हे बोलणं मनात आडवं येतं. तिचा निर्णय तिचा होता का? हो म्हणावं तर त्या दवाखान्याला, त्या मुकादमाला आणि सगळ्या साखरेच्या धंद्याला आपण मोकळं सोडतो. नाही म्हणावं तर सत्तरीच्या एका खंबीर बाईला सांगावं लागतं, की तुझ्या आयुष्यातला एवढा मोठा निर्णय तुझा नव्हताच. दोन्ही मला पटत नाही, आणि मेंदूविज्ञान नि तत्त्वज्ञान या दोन्हींकडे मी पुन्हा पुन्हा जातो ते यासाठीच.

सुरुवात १९६४ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये झाली. हान्स कोर्नहूबर आणि ल्यूडर डेके या दोघांनी माणसांच्या डोक्याला तारा लावल्या आणि वाटेल तेव्हा बोट हलवा एवढंच त्यांना सांगितलं. एका हालचालीच्या नोंदीत काही दिसेना, म्हणून त्यांनी नोंदींच्या टेप उलट्या चालवल्या, बोट हललं त्या क्षणापासून मागं जात अनेक नोंदींची सरासरी काढली, आणि एक हळूहळू चढत जाणारी विद्युतरेषा समोर आली. हात हलण्याच्या पुष्कळ आधी मेंदूत काही तरी सुरू झालेलं होतं. त्याला त्यांनी सज्जताविभव अशा अर्थाचं नाव दिलं.

हात हलण्याआधी मेंदू तयारी करणारच, त्यात नवल नाही. प्रश्न बोचरा केला तो बेंजामिन लिबे यांनी, १९८३ साली, सॅन फ्रान्सिस्कोत. त्यांनी पडद्यावर एक ठिपका गोल फिरवला, २.५६ सेकंदांत एक फेरा. समोर बसलेल्यानं मनात येईल तेव्हा मनगट हलवायचं आणि हलवावंसं वाटलं तेव्हा ठिपका कुठं होता हे सांगायचं. मेंदूतली रेषा हालचालीच्या साधारण ५५० मिलिसेकंद आधी चढू लागायची. हलवावंसं वाटल्याची जाणीव मात्र साधारण २०० मिलिसेकंद आधीची. मधे सेकंदाचा एक तृतीयांश भाग उरतो, ज्यात मेंदू निघालेला आहे आणि मालकाला पत्ता नाही.

यातून जगभर जे पसरलं ते असं, की आपण ठरवण्याआधी मेंदू ठरवतो आणि इच्छा ही मागाहून आलेली बातमी आहे. २००८ साली जॉन-डिलन हेन्स यांच्या गटानं आणखी पुढं जाऊन दाखवलं, की डावं बटण दाबणार की उजवं, याचा अंदाज मेंदूच्या स्कॅनवरून सात ते दहा सेकंद आधी बांधता येतो. तो साधारण ६० टक्के वेळा बरोबर येत होता. नाणं उडवलं तर ५० टक्के बरोबर येतंच, पण हे आकडे सांगताना बहुतेक जण तेवढं गाळतात.

वर्गात हे ऐकून पोरं गप्प होतात. मग एखादा म्हणतो, "सर, आमचे आजोबा हेच म्हणतेत की. कपाळावर लिहिलेलं टळत नाही." मला या वाक्याची धास्ती वाटते. आमच्या भागात नशिबाची शिकवण आधीच पोटभर आहे. पाऊस नाही पडला, नशीब. भाव पडला, नशीब. पोरीचं लग्न सोळाव्या वर्षी लावलं, तिचं नशीब. त्यावर मेंदूविज्ञानाचा शिक्का बसला तर कठीण. म्हणून लिबे यांचा प्रयोग अर्ध्यावर सोडून मी वर्ग कधी संपवत नाही.

कारण २०१२ साली आरोन शुर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चढत्या रेषेचा अर्थच वेगळा लावला. मेंदूत लहरी सतत वरखाली होत असतात, काही ठरवायचं असो वा नसो. समोरच्याला सांगितलंय की वाटेल तेव्हा हात हलव, काही कारण लागत नाही. अशा वेळी एखादी लहर आपसूक उंच जाऊन ठरावीक पातळी ओलांडते आणि हात हलतो. आता सिंदफणेचं पाणी धोक्याच्या खुणेवर गेलं तेवढेच दिवस निवडा, त्यांच्या आदल्या दिवसांच्या नोंदी मागं मागं वाचत जा आणि सरासरी काढा. पाणी सावकाश, नेमानं चढत आलेलं दिसेल, जणू नदीनं आधीच पुराचा बेत केला होता. वर चढून अर्ध्यातून उतरलेले दिवस आपण मोजलेच नाहीत. लिबे यांच्या रेषेतही असाच भाग मोठा असावा, असं शुर्गर यांचं गणित सांगतं.

त्याहून महत्त्वाचं मला २०१९ सालचं उरी माओझ आणि लिआड मुद्रिक यांच्या गटाचं काम वाटतं. त्यांनी विचारलं, की मनगट कधी हलवायचं, हा काय निर्णय आहे? त्यांनी लोकांसमोर सेवाभावी संस्था ठेवल्या आणि एक हजार डॉलरची देणगी कुणाला द्यायची ते निवडायला लावलं. काही वेळा निवडीनं खरंच फरक पडणार होता, काही वेळा काहीही निवडलं तरी दोघांना सारखेच पैसे मिळणार होते. बिनमहत्त्वाच्या निवडीआधी ती प्रसिद्ध रेषा दिसली. ज्या निवडीचा परिणाम होणार होता तिच्याआधी ती जवळपास दिसलीच नाही. म्हणजे ज्या खुणेवरून माणसाचं स्वातंत्र्य खोडलं गेलं, ती खूण विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयात जवळपास सापडतच नाही.

मनगट हलवणं आणि उचल घेणं यांत काय साम्य आहे? बारावीनंतर पोराला लातूरला क्लासला ठेवायचं की नाही, जमीन गहाण टाकायची की नाही, फडावर जायचं की गावात राहून मजुरी शोधायची, हे निर्णय दिवसेंदिवस चालतात. त्यात बायकोचं ऐकलं जातं, भावाला फोन होतो, रात्री झोप मोडते, सकाळी पुन्हा बेत बदलतो. अशा निर्णयाचा क्षण ठिपक्यावर कसा दाखवणार?

शिवाय "मेंदू ठरवतो, मी ठरवत नाही" या बोलण्यातला मी कोण? मेंदू एकीकडे आणि मी त्याच्या दाराशी निरोपाची वाट पाहत उभा, असं धरलं तरच हे बोलणं भयंकर वाटतं. एम.ए.ला तेव्हाच्या औरंगाबादला विद्यापीठात असताना मी नागसेनवनातून चालत जायचो. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथं कॉलेज काढलं आणि पुढं त्याला नाव मिळालं मिलिंद. ज्या राजानं भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारून विचारून भंडावलं त्या मिलिंदाचं. त्या संवादात नागसेन राजाला विचारतात, तू पायी आलास की रथातून? रथातून, तर रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं? जू? दांडी? यातलं एकही नाही, आणि हे सगळं वगळून रथ वेगळा उरत नाही. तसाच नागसेनही. अवयव, संवेदना, संस्कार, जाणिवा यांच्या जुळणीला दिलेलं ते एक नाव.

लिबे यांच्या प्रयोगानं धास्तावलेल्या माणसाला मी हा संवाद वाचायला देतो. आत बसलेला सारथी सापडला नाही म्हणून रथ चालत नाही असं होत नाही. माझा मेंदू माझ्या आयुष्यभराच्या अनुभवांनिशी, माझ्या भीतींनिशी, शिकलेल्या-विसरलेल्या सगळ्यानिशी एखादी गोष्ट ठरवतो, तेव्हा ती मीच ठरवत असतो. मला कळायला थोडा उशीर झाला तरी.

याच परंपरेत दुसरीही एक गोष्ट आहे, जिची आमच्याकडे फार गरज आहे. अंगुत्तरनिकाय या पाली ग्रंथात बुद्ध तीन मतं खोडतात. सगळं पूर्वकर्मामुळं होतं, सगळं ईश्वर करतो, सगळं विनाकारण होतं. तिन्हींवर त्यांचा आक्षेप एकच, की हे मानलं तर काय करावं नि काय करू नये यासाठी धडपडण्याची ऊर्मीच उरत नाही. बुद्ध कार्यकारणभाव नाकारत नाहीत. उलट प्रत्येक गोष्टीला कारणं असतात, म्हणूनच कारणं बदलून फळ बदलता येतं, असा त्यांचा रोख आहे. आजोबांचं कपाळ आणि प्रयोगशाळेतली कारणं यांतलं अंतर हेच. कपाळावरचं वाचता येत नाही आणि पुसताही येत नाही. कारणं शोधता येतात, आणि त्यांतली काही हलवताही येतात.

म्हणून लिबे यांच्यापेक्षा मेंदूविज्ञानातली दुसरीच कामं मला जास्त अस्वस्थ करतात. २००९ साली मिशेल देमुर्जे यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेत जाग्या असलेल्या रुग्णांच्या पार्श्विक भागाला हलका विजेचा स्पर्श केला, तर त्यांना हात किंवा ओठ हलवावेसे वाटू लागले. प्रवाह वाढवला तर आपण ते हलवलेच असं ते म्हणाले, प्रत्यक्षात स्नायू जागचे हलले नव्हते. पार्किन्सनच्या काही औषधांमुळं आयुष्यात पत्त्याला हात न लावलेल्या माणसांना जुगाराचा अनावर नाद लागतो आणि औषध कमी केलं की बहुतेकांचा ओसरतो. इच्छा ही हवेत तरंगणारी गोष्ट नाही. तिला मांस आहे, रसायन आहे, ती थकते, बिघडते, उपाशी राहते.

आणि उपाशी राहते म्हणजे काय, हे दाखवणारा अभ्यास उसाच्याच शेतकऱ्यांवर झालाय. तमिळनाडूतल्या ५४ गावांतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांची संशोधकांनी बौद्धिक चाचणी घेतली, एकदा ऊस जाण्याआधी, हातात पैसा नसताना, आणि एकदा ऊस जाऊन पैसा आल्यावर. २०१३ साली 'सायन्स'मध्ये हे प्रसिद्ध झालं. तोच माणूस, तेच डोकं, पण पैशाची तंगी असताना त्याची तर्कशक्ती आणि मनाला आवर घालण्याची ताकद दोन्ही कमी भरत होती. त्यांच्या मांडणीवर पुढं आक्षेप घेतले गेले, वाद झाला, तो व्हायलाही हवा. पण ज्यानं कधी सावकाराच्या ओट्यावर बसून आकडा ऐकलाय, त्याला यातलं मूळ निरीक्षण परकं वाटणार नाही. तंगीत डोक्यात एकच गोष्ट फिरत राहते आणि बाकीच्यांना जागा उरत नाही.

इथं मला जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअर आठवतात. १८३९ साली नॉर्वेच्या शाही विज्ञान संस्थेनं बक्षीस दिलेल्या त्यांच्या निबंधाचा गाभा असा, की माणूस त्याला हवं ते करू शकतो, पण काय हवंसं वाटावं हे तो ठरवू शकत नाही. काकूला ऑपरेशन हवं होतं आणि तिनं ते करवलं. अडवणारं कुणी नव्हतं. डेव्हिड ह्यूम यांच्या मापानं बघितलं तर हे पुरतं स्वातंत्र्य झालं, कारण त्यांच्या लेखी बेड्या नसताना आपल्या इच्छेप्रमाणं वागता येणं म्हणजेच स्वातंत्र्य. पण हॅरी फ्रँकफर्ट यांनी १९७१ साली त्यात एक मजला चढवला. माणसाला नुसत्या इच्छा नसतात, आपल्या कोणत्या इच्छेनं आपल्याला चालवावं याबद्दलही त्याची इच्छा असते. दारूड्याला दारू हवी असते, आणि ती हवीशी वाटू नये असंही हवं असतं. काकूला ऑपरेशन हवं होतं. पण ते हवंसं वाटावं अशा जगात राहायचं तिनं कुठं मागितलं होतं? तिला खाडा न पडता दोन दिवस पडून राहायला हवं होतं. ते कुणी समोर ठेवलंच नाही.

ती एकटी नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. एवढ्या बायकांनी आपापल्या मनानं तोच निर्णय घेतला असेल, तर त्याची कारणं त्या बायकांच्या मनात शोधून भागणार नाही.

मात्र इथून दुसऱ्या टोकाला जाण्याचा मोह मी निकरानं टाळतो. शहरातून पाहणीला येणारे काही जण आमच्या बायकांबद्दल बोलतात तेव्हा सगळं बोलणं बिचाऱ्या, अडाणी, फसवल्या गेलेल्या असंच असतं. तत्त्वज्ञ पीटर स्ट्रॉसन यांनी १९६२ साली एक फार मोलाची गोष्ट सांगितली. आपण माणसावर रागावतो, त्याचे आभार मानतो, त्याच्याकडून अपेक्षा ठेवतो, दुखावतो, माफ करतो, तेव्हाच त्याला माणूस म्हणून वागवत असतो. हे सगळं काढून घेऊन त्याच्याकडं नुसतं सांभाळायची किंवा दुरुस्त करायची वस्तू म्हणून बघता येतं, कधी कधी बघावंही लागतं, पण कायम तसं बघितलं तर नातंच संपतं. काकू जेव्हा ठणकावून म्हणते की मीच ठरवलं, तेव्हा ती माझ्याकडं दया मागत नसते. त्या परिस्थितीत जे करता येण्यासारखं होतं ते तिनं डोकं वापरून केलं. तीन लेकरं शिकवायची होती, तिनं शिकवली. तिचा निर्णय तिचा होता असं मी मानतो. तो घेण्यासाठी तिला दिलेली जागा मात्र बोटभर होती, आणि ती तेवढीच कुणी ठेवली हे विचारायला तिचा निर्णय तिचा असणं आड येत नाही.

स्वातंत्र्य आहे की नाही, असा हो-नाहीचा प्रश्न मी आता विचारत नाही. ते कमीजास्त होतं. आणि ते कमीजास्त होतं ती जागा मला एकच दिसते, ऊर्मी उठणं आणि कृती घडणं यांच्या मधली. खुद्द लिबे यांचाही भरवसा तिथंच होता. इच्छा सुरू करणं आपल्या हाती नसेल, पण जाणीव झाल्यावर तिला नकार द्यायला थोडा अवकाश उरतो, असं ते म्हणत. २०१६ साली हेन्स यांच्याच गटानं संगणकाशी स्पर्धा लावून हे तपासलं. मेंदूत हालचालीची तयारी सुरू झाल्यावरही माणसं थांबू शकत होती, अगदी हालचालीच्या साधारण २०० मिलिसेकंद आधीपर्यंत. त्यानंतर परतीची वाट बंद.

फारच थोडा वेळ आहे तो. पण प्रयोगशाळेबाहेर हा अवकाश वाढवता येतो, आणि तो एकट्याच्या कवटीत वाढत नाही. गीतेत अर्जुनाला जे मिळालं ते हेच. तिसऱ्या अध्यायात तो विचारतो, इच्छा नसताना, जणू कुणी बळजबरीनं जुंपल्यासारखा माणूस पाप का करतो? अठराव्यात कृष्ण आधी म्हणतो, तू नाही म्हणालास तरी स्वभावाच्या वशात होऊन ते करशीलच, सगळी भूतं यंत्रावर चढवल्यासारखी फिरतात. आणि लगेच दोनच श्लोकांनंतर म्हणतो, यावर पुरता विचार कर आणि मग तुला हवं ते कर. या जवळजवळच्या श्लोकांत विसंगती आहे असं पोरं म्हणतात. मला तिथं कधी विसंगती वाटली नाही. यंत्रावर बसलेल्या माणसालाही दोन सैन्यांच्या मधे रथ उभा करून, शेजारी बसून, त्याच्या सगळ्या शंका ऐकून घेतल्या तर तो विचार करू शकतो. अर्जुनाला कुणी खाड्याची भीती घातली नव्हती.

मराठवाड्यात राहून हा विषय काढायचा आणि आत्महत्यांपाशी थांबायचं नाही, हे मला जमत नाही. शेतकरी गेला की पारावर कुणी तरी म्हणतं, त्यानं ठरवलंच होतं. अभ्यास निराळं सांगतात. अशा प्रयत्नांतले पुष्कळसे मनात वादळ उठल्यापासून काही मिनिटांतच घडतात, आणि त्यातून वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढं आत्महत्येनं मरत नाहीत. श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास आत्महत्यांचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी होतं. तिथं सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली आणि पुढच्या वीसेक वर्षांत प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. कुणाचं कर्ज त्या बंदीनं फिटलं नाही. बंदीनं जीव मिळवून दिला, आणि जीव उरला तिथं दुसरा विचार यायला वेळ उरला. आपल्याकडं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरून त्याला शिक्षेपासून वाचवलं. स्वतःच्या इच्छेनं केलं असं म्हणून हात झटकायची सोय कायद्यानं काढून घेतली, याचं मला फार मोल वाटतं. हे वाचणाऱ्या कुणाच्या मनात असं वादळ उठत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. आधी तिथं फोन करा, नाहीतर शेजारच्या घरचं दार वाजवा.

बीडमध्येही २०१९ नंतर असाच एक नियम आला. खासगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानंही अनावश्यक गर्भाशयशस्त्रक्रिया थांबवण्यासाठीच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी लागू कराव्यात असं सांगितलं. काही जणांना यात बाईच्या निर्णयावर सरकारी पहारा दिसतो, आणि हा आक्षेप पोकळ नाही. परवानगीसाठी दहा चकरा मारायला लावून खरंच गरज असलेलीला छळलं, तर तो पहाराच होईल. पण दुसऱ्या डॉक्टरनं तपासणं, कॅन्सरची भीती खरी की खोटी हे कळणं, चार दिवस जाणं, यानं बाईची इच्छा दडपली जात नाही. भीतीच्या जागी माहिती आली की तीच बाई तिच्याच डोक्यानं वेगळं काही ठरवू शकते. हंगामी वसतिगृहांचंही तसंच. आई-बाप फडावर गेले तरी पोराच्या जेवणाची नि शाळेची सोय गावात झाली, तर सातवीतल्या पोरानं शाळा सोडायचं ठरवलं असं म्हणायची वेळच येत नाही.

यातून एक जुना प्रश्न मात्र सुटत नाही, आणि तो सुटल्याचं सोंग मी वर्गात करत नाही. स्ट्रॉसन यांचे चिरंजीव गेलन यांनी तो फार कठोरपणे मांडलाय. माणूस जसा आहे तसा वागतो. आपल्या वागण्याला शेवटपर्यंत जबाबदार व्हायचं तर आपण जसे आहोत त्यालाही आपणच जबाबदार असायला हवं, आणि ते कुणालाच शक्य नाही. याला मला पुरतं उत्तर सापडलेलं नाही. मुकादमही कुठल्या तरी कोपीतच वाढलेला असतो, ज्यानं काकूला कॅन्सरची भीती घातली तोही कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी कर्जात घडलेला असतो. तरीही मला त्याचा राग येतो आणि तो यावा असंच मला वाटतं, कारण त्याच्याकडं विचार करायला वेळ होता, शिक्षण होतं, पोट भरलेलं होतं. ज्याच्याकडं जागा मोठी, त्याच्याकडून हिशेबही मोठा मागावा, एवढ्यावर मी आज उभा आहे.

वर्गात हे प्रकरण शिकवण्याची माझी रीत त्यामुळं बदलली. लिबे यांचं घड्याळ अजून काढतो, शुर्गर यांची हरकत सांगतो, नागसेनांचा रथ सांगतो. मग पोरांना घरी पाठवतो ते एक काम देऊन. घरातल्या कुणाच्याही एका मोठ्या निर्णयाबद्दल त्या माणसाला विचारायचं, तेव्हा तुमच्यासमोर आणखी काय काय होतं आणि विचार करायला किती दिवस मिळाले? मागं एका मुलीनं आईच्या टोळीतले खाड्याचे सगळे नियम लिहून आणले. किती दिवसांना किती कापतात, पाळीच्या दिवसांत काय होतं, बाळंतपणाला किती सूट मिळते, सगळं आईच्या तोंडून ऐकून. शेवटी तिनं आईचं म्हणणं जसंच्या तसं उतरवलं होतं, "मला कुणी विचारलंच नाही, म्हणून मी सांगितलं नाही." पुढच्या तासाला ती वही वर्गात वाचली गेली, आणि त्या दिवशी आम्ही पाठ्यपुस्तक उघडलं नाही.